एक दिवस आड

माझे वडील सोमाजी पाझारे गेल्या नोव्हेंबरात वारले. जाण्याआधी तासभर, ॲम्ब्युलन्समध्ये, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि ती वारलू आसुटकरला कळू द्यायची नाही असं बजावलं. वारलूकाका त्यांचे मित्र. मी वरोऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. लोकांचं काय काय ऐकून पोटात ठेवायची मला सवय आहे. ही एक गोष्ट मात्र ठेवावी की सांगावी, हे पंधरा दिवस मला ठरवता येत नव्हतं.

आधी बाबा कसे होते ते सांगते. नाहीतर त्यांनी केलं ते निव्वळ वेडेपणाचं वाटेल.

बाबा माजरीच्या एका कोळसा खाणीत चौतीस वर्षं पंप खलाशी होते. खाणीत साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं, एवढंच काम. कोळसा काढणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पाणी काढणाऱ्याची आठवण पंप बंद पडल्यावरच होते. बाबांच्या पंपघरात दोन पंप होते, एक नंबर आणि दोन नंबर. आज एक चालवायचा, उद्या दुसरा. चौतीस वर्षांत त्यांनी हा क्रम मोडला नाही. "एकालेच रोज हाणलं तं तो मरते, आन् दुसरा बसूबसू जाम होते," ते म्हणायचे. "आळीपाळीनं चालवले तं दोघंबी टिकते."

हे खाणीतच राहिलं असतं तर ठीक होतं. बाबांनी ते घरी आणलं. त्यांच्या चपलांचे दोन जोड होते, आज हा, उद्या तो. सकाळचा चहा एक दिवस आईनं करायचा, एक दिवस त्यांनी, आणि त्यांच्या पाळीचा चहा इतका फिका असायचा की माझी मावशी आधी फोन करून पाळी कोणाची ते विचारायची. अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक लाल, एक निळी. लाल खुर्चीच्या दिवशी पाहुणा चुकून लाल खुर्चीत बसला तर बाबा उभे राहून गप्पा मारायचे, पण निळीत टेकायचे नाहीत. माझी आई सत्यशीला कपाळाला हात लावायची. "माह्यं नशीब," ती म्हणायची, "यानं बायको एकच केली."

वारलूकाका शेजारच्या गावचे. घरचा कापूस, सोयाबीन, आणि उरलेल्या दिवसांत खाणीत ठेकेदाराकडे पाईप ओढायचं काम. बाबांच्या पंपाची लाईन वाढवायची असली की खांद्यावर पाईप घेऊन हेच यायचे. बाबांपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, आणि बोलायला इतके कमी की त्यांची बायको कमळाकाकू त्यांच्या वाट्याचंही बोलून घ्यायची. ते काम केव्हाच सुटलं. बाबाही रिटायर झाले. पण रेल्वे गेटजवळच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी दोघं भेटायचेच. बाबा बोलायचे, वारलूकाका मान हलवायचे.

त्याआधीच्या फेब्रुवारीत त्या टपरीवरच बाबांच्या छातीत कळ आली. बाबा म्हणाले गॅस आहे. वारलूकाकांनी, आयुष्यात कधी कोणाला आवाज न चढवलेल्या माणसानं, त्यांना खडसावलं, "भाऊ, गाडीवर बस!" आणि मोटरसायकलवरून खाणीच्या डिस्पेन्सरीत नेऊन सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, चघळायला गोळ्या दिल्या आणि ॲम्ब्युलन्समध्ये घालून चंद्रपूरला पाठवलं. मी वरोऱ्याहून पोचले तेव्हा बाबांना टेबलावर घेत होते.

तिथले डॉक्टर मला ओळखत होते. काचेमागं उभी राहा म्हणाले. मी उभी राहिले. असलं काही पाहताना मी नर्स असते, मुलगी नसते. हे चांगलं की वाईट, मला ठाऊक नाही.

बाबा पूर्ण शुद्धीवर होते. उजव्या मनगटापाशी तेवढंच बधिर केलं होतं. तिथल्या नाडीत एक आखूड नळी बसवली आणि तिच्यातून दुसरी लांब, मऊ नळी हातातून, खांद्यातून थेट हृदयाच्या तोंडाशी नेली. नळीतून औषध सोडलं की पडद्यावर रक्तवाहिन्या काळ्या उमटायच्या आणि पुसल्या जायच्या. समोरची मोठी वाहिनी एका ठिकाणी दोऱ्याएवढी उरली होती. त्या दोऱ्यातून डॉक्टरांनी केसासारखी तार पलीकडे घातली. तारेवरून मिटलेला फुगा सरकवत त्या अरुंद जागी आणला. मग हातातल्या छोट्या पंपाची मूठ पिळायला लागले.

त्या पंपाला गेज होतं. बाबांना ते दिसणारच.

"किती प्रेशर देऊन राह्यले, साहेब?"

"बारा."

"बारा किलो? येवढ्यात आमच्या लायनीची पॅकिंग उडते."

"तुमची लाईन मजबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "आता छातीत दुखेल थोडं."

"दुखून राह्यलं."

"फुगा फुगलेला असतो तेवढा वेळ रक्त अडतं, म्हणून दुखतं. मिटवला की थांबेल."

फुगा मिटवला. बाबांनी श्वास सोडला. मग डॉक्टरांनी दुसरा फुगा नेला. याच्यावर बारीक तारांची जाळी चढवलेली होती. फुगा फुगवला तशी जाळी उघडून वाहिनीच्या भिंतीला बसली. फुगा मिटवून बाहेर काढला, जाळी तिथंच राहिली. पुन्हा औषध सोडलं, आणि दोऱ्याच्या जागी वाहिनी भरून, रुंद होऊन पार हृदयाच्या टोकापर्यंत गेली. मी असं बरंच पाहिलं आहे. तरी त्या वेळी मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा बाबांनी विचारलं, "साहेब, गाळ काढून टाकला कुठी?"

"गाळ काढत नाही आम्ही. फुग्यानं भिंतीला दाबून बसवतो. पुन्हा पुढं येऊ नये म्हणून जाळी."

बाबांना हे पटलं नाही. ज्यानं जन्मभर गाळ उपसून बाहेर टाकला, त्याला आत दाबून ठेवलेला गाळ कसा पटावा?

"म्हणूनच गोळ्या," डॉक्टर म्हणाले. "जाळी धातूची आहे. तिच्यावर आतून तुमच्याच शरीराचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर रक्त तिला परकं समजतं आणि तिच्यावर गोठू शकतं. गोठलं तर वाहिनी एकदम बंद. या दोन गोळ्या रक्ताला गोठू देत नाहीत. वर्षभर रोज घ्यायच्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

"रोज तोच पंप," बाबा पुटपुटले.

मी हसले. आईसुद्धा हसली.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. बाबा पुन्हा टपरीवर जायला लागले, तंबाखू सुटली, चहातली साखर सुटली. गोळ्यांचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. एक पांढरी, एक गुलाबी. महिन्याची पाकिटं मी माजरीला नेऊन द्यायची आणि सुट्टीला गेले की रिकामे झालेले कप्पे मोजायची. मोजायला मी शिकलेली आहे. दर वेळी आकडा बरोबर यायचा. मला स्वतःचं कौतुक वाटायचं, की माझ्या पेशंटनं, तेही माझ्या बापानं, एक गोळी चुकवली नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी आईचा फोन आला. बाबांना ॲम्ब्युलन्समधून वरोऱ्याला आणत होते. माझ्याच दवाखान्याच्या दारात उतरवलं, मीच पट्टी काढली आणि पट्टी पाहून मीच ड्रायव्हरला म्हटलं, गाडी बंद करू नको, चंद्रपूर. आईला मागून यायला सांगून मी बाबांजवळ बसले.

भद्रावती मागे पडली तेव्हा बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"संघप्रिया, गोळी मी एक दिवस आड घेत होतो."

मला वाटलं त्यांना भ्रम झाला. "बाबा, मी तं मोजत होती."

"एक दिवस मी, एक दिवस वारलू. त्याच्याबी छातीत दुखते, पन तो दवाखान्याले भेते. मले त्यानंच आणलं होतं ना." थोडा वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. "दोघंबी टिकतो म्हनलं."

मी त्यांचं बीपी पाहत होते. ते मला दर मिनिटाला कमी दिसत होतं.

"त्याले वाटते एक्स्ट्राच्या हायेत. त्याले सांगू नोको. आन् त्याची गोळी बंद नोको पडू देऊ."

मी मास्क पुन्हा तोंडावर बसवला आणि होकाराची मान हलवली. बाबांशी माझं शेवटचं बोलणं ते.

या वेळीही डॉक्टरांनी मला काचेमागं उभं राहू दिलं. औषध सोडलं. फेब्रुवारीत जी वाहिनी भरून टोकापर्यंत गेली होती, ती जाळीपाशी आली आणि संपली. पुढे पडदा कोरा. तार गेली, फुगा गेला, गाठ थोडी फुटली, पण तोवर हृदय थकलं होतं. डॉक्टर छाती दाबायला लागले. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. सवयीनं बघितलं, कारण वेळ लिहावी लागते.

गोळ्या चुकल्या म्हणूनच झालं का, असं मी नंतर विचारलं. "शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "शुगर होती त्यांना. पण..." आणि ते पणपाशी थांबले. मी आग्रह केला नाही.

मला काहीच वाटत नव्हतं. हे मी मोठेपणानं सांगत नाही. मी कागदांवर सह्या केल्या, वॉर्डबॉयला धन्यवाद दिले, आई आली तेव्हा तिला धरून ठेवलं, कोणीतरी चहा दिला तो प्यायले आणि दुसराही प्यायले. हातावर झोपलं की उठल्यावर तो हात आपला वाटत नाही, उचलला तर लोंबतो, तसं माझं सगळंच झालं होतं. घरी बुद्धवंदना झाली, पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन झालं, अख्खी कॉलनी आली. बाया माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या, पोरगी रडली नाही. रडू आलं असतं तर मी काय त्यांच्यासाठी थांबवलं असतं?

वारलूकाका दोन्ही दिवशी आले, शेवटच्या रांगेत बसले आणि न जेवता निघून गेले. मी त्यांना टाळत होते. त्यांची गोळी बंद पडू द्यायची नाही असं मी कबूल केलं होतं. पण नर्स म्हणून मला माहीत होतं, की छाती तपासल्याशिवाय अशी गोळी चालू ठेवणं हा गाढवपणा आहे. तपासायला चला म्हणावं तर ते विचारणार, काऊन? मग सगळंच निघणार.

पंधराव्या दिवशी ते आपणहून आले. सकाळची वेळ. हातात खाणीच्या दिवसांतला स्टीलचा जेवणाचा डबा. अंगणात लाल आणि निळी, दोन्ही खुर्च्या तशाच होत्या. आज पाळी कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते पायरीवर बसले. मीही पायरीवर बसले.

"बाई, हे घे," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण काढलं.

आत वर्तमानपत्राच्या बारीक बारीक पुड्या होत्या, डबा गच्च भरलेला. मी एक उघडली. एक पांढरी, एक गुलाबी. दुसरी उघडली. एक पांढरी, एक गुलाबी.

"भाऊ देत होता. तू जास्तीच्या पाठवते म्हने, एक्स्ट्राच्या."

"तुमी खाल्ल्या नाई, काका?"

"मले गोळीचं भेव वाटते." ते डब्याकडे बघत बोलत होते. "पन तो खिशात पुडी बांधून टपरीवर आणे, हातावर ठेवे. त्याले नाई कसा म्हणू? जेवल्यावर खातो म्हणो आन् घरी आणून ठेवो. म्हटलं, एखांद्या येळी भाऊलेच कमी पडल्या तं कामी येतीन."

मी डबा पायरीवर पालथा केला आणि पुड्या मोजायला लागले. का मोजल्या, सांगता येणार नाही. एकशे चार पुड्या होत्या. एप्रिलपासूनचे एकशे चार दिवस बाबा गोळीशिवाय राहिले होते आणि त्यातली एकही गोळी कोणाच्या पोटात गेली नव्हती.

"कमी तं नाई पडल्या ना, बाई, त्याले?" वारलूकाकांनी विचारलं.

मला राग आला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं आणि तो राग होता. वारलूकाकांचा आला, बाबांचा त्याहून जास्त आला. बाबांनी मला एक शब्द सांगितला असता तर मी दोघांनाही चार शिव्या देऊन दवाखान्यात नेलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच सांगितला नाही. मित्राला लाज वाटू नये म्हणून एक खोटं बोलला. मित्राचं मन मोडू नये म्हणून दुसरा खोटं बोलला. सात महिने हे दोघं भले गृहस्थ रोज सकाळी टपरीवर शेजारी शेजारी बसून एकमेकांना फसवत होते. आता मी "नाई पडल्या" म्हटलं असतं तर काका डबा माझ्याकडे ठेवून, छातीतली कळ घेऊन, शांतपणे घरी गेले असते. बाबांनीही मला तेच करायला सांगितलं होतं.

"पडल्या, काका," मी म्हटलं. "एक्स्ट्राच्या नोहत्या. बाबाच्याच होत्या. एक दिवस त्यायनं खाल्ल्या, एक दिवस तुमाले देल्ल्या."

आत आईच्या हातातून भांडं पडलं. ते उचलल्याचा आवाज काही आला नाही.

मी उघडलेल्या दोन पुड्या वारलूकाकांनी पुन्हा नीट बांधल्या. मग म्हणाले, "मंग त्यानं सांगलं काऊन नाई मले?"

"तुमी काऊन नाई सांगलं, खात नाई म्हून?"

ते वाकून एकेक पुडी उचलून डब्यात भरायला लागले. पुड्या पुन्हा पुन्हा खाली पडत होत्या. मी मदत केली नाही. मला तेवढं चांगलं वागता आलं नाही.

"उद्या आठ वाजता वरोऱ्याले या," मी म्हटलं. "छातीची पट्टी काढायची हाय. नाई आले तं मी घरी येईन आन् कमळाकाकूसमोर सगळं सांगीन."

ते आले. आठ कुठले, मी साडेसातला पोचले तर बाकावर बसलेले होते, धुतलेला सदरा घालून, मांडीवर डबा. "हे ठेवू कुठी?" त्यांनी विचारलं. घरी ठेवता येईना आणि फेकताही येईना, असं काहीतरी पुटपुटले. मी डबा घेऊन टेबलाखाली ठेवला.

त्यांना पलंगावर निजवलं. सदरा काढायला लाजले. खांद्यावर पाईप वाहून वाहून पडलेला घट्टा अजून होता. हातापायांना क्लिपा लावल्या, छातीवर वायर चिकटवल्या. हृदयाची पट्टी काढताना पेशंटनं अगदी स्थिर राहावं लागतं. हललं, बोललं, कण्हलं तरी रेघ थरथरते आणि काही वाचता येत नाही.

"हलू नका, काका."

पहिली पट्टी वाया गेली. ते रडत होते, आवाज न करता, नुसती छाती उडत होती. मी थांबले. दुसरी काढली, तीही तशीच. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, क्लिपेच्या थोडा वर, कोणत्याही पेशंटच्या ठेवते तसा, आणि म्हटलं, श्वास हळू घ्या, मी आहे इथी.

तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि लाकडासारखे पडून राहिले. छाती हलत नव्हती, बोटसुद्धा हलत नव्हतं. तरी पट्टी थरथरत निघाली. मी मशीन तपासलं, वायर तपासल्या, पंखा बंद केला. पुन्हा मनगटावर हात ठेवून चौथी काढली. तशीच.

"बाई," वारलूकाका डोळे न उघडता म्हणाले, "तुया हात हालून राह्यला."

मी खाली बघितलं. माझा हात त्यांच्या मनगटावर होता आणि तो हलत होता. कधीपासून, मला माहीत नाही.